गायरानावरचा खेळ

गोल्फ हें नांव उच्चारतांच आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. उंच कुंपण, फाटकाशीं गणवेशांतील पहारेकरी, आंत मऊ हिरवळ, आणि त्या हिरवळीवरून सावकाश चालणारे कोणी धनाढ्य गृहस्थ! फाटकाबाहेरच्या मुलानें ती हिरवळ दुरून पाहावी, फार तर दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहावी, एवढाच त्याचा या खेळाशीं संबंध, अशी आपली समजूत आहे. आणि आपल्या देशांतील बहुतेक मैदानांपुरती ती समजूत खोटी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु हा खेळ ज्या भूमींत वाढला, त्या स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर गोष्ट अगदीं निराळी आहे. तेथें हा खेळ कुंपणाच्या आंत वाढला नाहीं. तो गांवाच्या गायरानावर वाढला. तेथील नामांकित मैदानांपैकीं कित्येक आजही गांवाचीं, म्हणजे सर्वांचीं, आहेत. त्यांतील कांहीं मैदानें वाचकांस दाखवावीं, आणि तीं सर्वांचीं कशीं राहिलीं याचा विचार त्यांच्यापुढें मांडावा, हा या लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, एखादें मैदान पाहण्याजोगें आहे कीं नाहीं हें केवळ त्याच्या गवतावरून ठरवूं नये. त्याचें फाटक कोणासाठीं उघडतें, हें आधीं विचारावें.

प्रथम त्या भूमीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्यें वाळूच्या टेकाडांचा जो उंचसखल पट्टा असतो, त्यास तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. वाळूमुळें तेथें पीक धरत नाहीं आणि खाऱ्या वाऱ्यामुळें झाड वाढत नाहीं. उगवतें तें केवळ आंखूड, चिवट गवत. पडलेलें पाणी वाळूंत लागलीच मुरतें, म्हणून पावसाच्या दिवसांतही पायाखालीं फारसा चिखल होत नाहीं. शेतकऱ्याच्या कामाची नसलेली ही जमीन गांवकऱ्यांनीं मेंढ्या चारण्यास, धुणें वाळविण्यास, नेमबाजीचा सराव करण्यास आणि खेळण्यास वापरली. वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून मेंढ्या वाळूंत अंग घुसळून बसत. त्या खळग्यांचेच पुढें आजचे ‘बंकर’ झाले, असें सांगतात. आपल्याकडे विटीदांडूस जशी गावाबाहेरची मोकळी पांढर पुरते, तशीच या खेळास ही जमीन पुरली. काठीनें चेंडू टोलवीत एका खळगीपासून दुसऱ्या खळगीपर्यंत जावयाचें, आणि ज्याचे टोले सर्वांत कमी तो जिंकला, एवढाच या खेळाचा गाभा आहे. त्यास राजवाडा लागला नाहीं, गायरान लागलें.

हा खेळ लोकांस किती प्रिय होता याचा सर्वांत जुना लेखी पुरावा मोठा गमतीचा आहे, कारण तो स्तुतीचा नसून बंदीचा आहे. सन १४५७ मध्यें राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटानें फुटबॉल व गोल्फ हे दोन्ही खेळ बंद व्हावे असें फर्माविलें. तरुण मंडळी त्यांच्या नादानें धनुर्विद्येची हयगय करीत होती, हें त्याचें कारण. तीच बंदी १४७१ व १४९१ या सालीं पुन्हां घालावी लागली. यावरून लोकांनीं ती कितपत मनावर घेतली असेल हें उघड होतें. इतकेंच नव्हे, तर शेवटची बंदी ज्याच्या कारकीर्दींत झाली, त्या चौथ्या जेम्सनें १५०२ मध्यें पर्थ गांवच्या एका धनुष्यें करणाऱ्या कारागिराकडूनच गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या! जो खेळ रंकांना आवडला तोच शेवटीं रावालाही आवडला, आणि दोघेही त्याच वाळूवर खेळूं लागले.

आतां प्रत्यक्ष मैदानांकडे वळूं. पहिला मान अर्थातच फाइफ परगण्यांतील सेंट अँड्र्यूज या गांवाचा. येथील ‘जुनें मैदान’ जगांतील गोल्फप्रेमींची पंढरी होय. तेथें पोहोंचल्यावर पहिल्या टोल्याच्या जागेमागें एक भव्य दगडी इमारत दिसते. ती एका प्रख्यात क्लबाची आहे. पाहुण्यास वाटतें कीं, समोरचें मैदानही त्याच क्लबाचें असावें. तसें नाहीं. मैदान गांवाचें आहे, आणि त्याचा कारभार कायद्यानें नेमलेलें एक विश्वस्त मंडळ पाहतें. क्लबाचे सभासद तेथें खेळतात ते इतरांप्रमाणेंच, गांवाच्या भूमीवर.

ही स्थिति आपोआप आलेली नाहीं. सन १५५२ मध्यें आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याच्या सनदेनें, वाळूच्या त्या भूमीवर गोल्फ, फुटबॉल व इतर खेळ खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क मान्य करण्यांत आला. हक्क लेखी झाला. परंतु लेखी हक्कही निजलेल्या माणसाच्या उपयोगीं पडत नाहीं. सन १७९७ मध्यें नगरपालिका कर्जांत बुडाली आणि तिनें ही जमीन व्यापाऱ्यांच्या हवालीं केली. त्यांनीं तेथें मांसासाठीं व कातड्यासाठीं ससे पाळण्याचा धंदा मांडला. सशांनीं बिळें करून मैदानाची चाळण केली. गांवकरी चिडले, ससे मारूं लागले, प्रकरण हातघाईवर आणि न्यायालयापर्यंत गेलें. हें ‘सशांचें युद्ध’ वीस वर्षांहून अधिक चाललें. अखेर १८२१ मध्यें जेम्स चीप नांवाच्या, स्वतः गोल्फ खेळणाऱ्या एका शेजारच्या जमीनदारानें ती भूमि विकत घेतली आणि खेळ वांचविला. पुढें १८९४ मध्यें पार्लमेंटाच्या कायद्यानें ती पुन्हां नगरपालिकेच्या मालकीची झाली. ती नगरपालिकाच नव्या राज्यव्यवस्थेंत विसर्जित होण्याची वेळ आली, तेव्हां १९७४ मध्यें दुसरा कायदा करून मैदानें विश्वस्तांच्या हातीं सोंपविण्यांत आलीं. म्हणजे चार शतकांत ही भूमि एकदां हातची गेली, एकदां एका सज्जनाच्या औदार्यानें वांचली, आणि दोनदां कायद्यानें सुरक्षित केली गेली. आज तेथें जुन्या मैदानासह एकंदर सात सार्वजनिक मैदानें आहेत. त्यांतील बाल्गोव्ह हें नऊ खळग्यांचें मैदान मुलें व नवशिके यांच्या विशेष सोयीचें आहे.

जुन्या मैदानाची रचनाही अभ्यासण्याजोगी आहे. सन १७६४ पर्यंत तेथील एका फेरींत बावीस खळग्या होत्या. त्या वर्षीं त्या अठरा केल्या गेल्या, आणि पुढें जगानें तोच आंकडा उचलला. जातांना व परततांना पट्टा एकच असल्यामुळें खळग्यांभोंवतालच्या हिरवळी बहुतेक जोडीच्या आहेत. दुसरी व सोळावी, तिसरी व पंधरावी, चौथी व चौदावी, याप्रमाणें सात जोड्या एकेका हिरवळीवर नांदतात. आणि गणिताची आवड असणाऱ्या आमच्या बालवाचकांनीं पाहावें कीं, प्रत्येक जोडीची बेरीज अठराच येते! जाणाऱ्यानें व येणाऱ्यानें एकमेकांस वाट देत खेळावयाचें, हा तेथील शिष्टाचार जणूं त्या भूमीनेंच शिकविला आहे. एक सार्वजनिक रस्ता पहिल्या व अठराव्या खळगीचें मैदान आडवें ओलांडून समुद्राकडे जातो. गांवची आई मुलाचा हात धरून पलीकडे जाईपर्यंत जगज्जेता खेळाडूही थांबतो. कांहीं ठराविक स्पर्धा सोडल्या तर रविवारीं जुन्या मैदानावर खेळ बंद असतो, आणि त्या दिवशीं तेथें आबालवृद्ध फिरावयास येतात. मैदान सार्वजनिक आहे याची याहून सुंदर साक्ष कोणती?

अशा मोकळ्या मैदानाचा गांवाला काय लाभ झाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर टॉम मॉरिस हें होय. हा १८२१ मध्यें याच गांवांत एका विणकराच्या घरीं जन्मला. त्यानें ‘ओपन’ नांवाची जगप्रसिद्ध स्पर्धा चार वेळां जिंकली. त्याच्या मुलानेंही ती चार वेळां जिंकली. आणि पुढें टॉम मॉरिस अनेक वर्षें याच मैदानाचा रक्षक होता. मैदान कुंपणांत असतें, तर विणकराचा मुलगा फार तर कोणाची पिशवी वाहून म्हातारा झाला असता.

उत्तरेस अँगस परगण्यांत कार्नूस्टी हें गांव आहे. तेथील मैदान अतिशय कठीण म्हणून गाजलेलें आहे; बॅरी नांवाचा ओढा नागमोडी वळणें घेत शेवटच्या खळग्यांच्या आड येतो. सन १९९९ च्या ओपन स्पर्धेंत जाँ व्हान द व्हेल्ड या फ्रेंच खेळाडूचा जवळ जवळ हातीं आलेला विजय शेवटच्या खळगीवर, याच ओढ्याच्या कांठीं, निसटला. परंतु आम्हांस या गांवाचें कौतुक वाटतें तें वेगळ्याच कारणानें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील भूमि डॅलहौसीच्या अर्लकडून गांवासाठीं विकत घेण्याचें ठरलें, तेव्हां नगरपालिकेजवळ पैसा नव्हता. मग लोकांनीं वर्गणी जमविली आणि मैदान गांवाचें केलें. याच गांवच्या तरुणांनीं पुढें अमेरिकेंत जाऊन हा खेळ शिकविला. मैदानाची देखरेख करणाऱ्या स्मिथ नांवाच्या गृहस्थाचे मुलगे विली व ॲलेक्स यांनीं अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि सुप्रसिद्ध बॉबी जोन्स ज्याचा खेळ पाहून शिकला तो स्ट्यूअर्ट मेडन हाही कार्नूस्टीचाच. वर्गणीचें असें व्याज फार थोड्या गांवांना मिळालें असेल!

एडिंबरो शहराच्या पूर्वेस मसलबरो येथें नऊच खळग्यांचें एक जुनें मैदान आहे. तें घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या पोटांत वसलेलें असून, तेथें १६७२ सालीं खेळ झाल्याची नोंद आहे. सन १८७४ ते १८८९ या काळांत ओपन स्पर्धा येथें सहा वेळां भरली. आज मोठ्या स्पर्धा तेथें भरत नाहींत, पण साधा मनुष्य माफक पैसे देऊन जुन्या विजेत्यांच्या पावलांवरून चालूं शकतो. दोन गोष्टींसाठीं हें स्थान लक्षांत ठेवावें. खळगी पाडण्याचें १८२९ मधील एक यंत्र येथलें आहे. त्याची सव्वाचार इंचांची रुंदी पुढें सगळ्या जगांत प्रमाण झाली. दुसरी गोष्ट याहून मोलाची. येथील कोळणी गोल्फ खेळत असत, आणि १८१० च्या अखेरीस तेथील क्लबानें त्यांच्यांतील उत्तम खेळणारीस बक्षीस देण्याचा ठराव केला. डोक्यावरची मासळीची पाटी खालीं ठेवून हातीं काठी घेणाऱ्या त्या कष्टाळू स्त्रियांचें चित्र आमच्या कोंकणांतील वाचकांस परकें वाटूं नये. सेंट अँड्र्यूजच्या ज्या क्लबाच्या इमारतीचा उल्लेख वर आला, त्यानें स्त्रियांस सभासद करून घेण्याचा निर्णय २०१४ मध्यें घेतला. मसलबरोच्या गायरानावर कोळणी त्यापूर्वीं दोनशें वर्षें खेळत होत्या. क्लबाचें दार उघडण्यास जो काळ लागला, तो गायरानास लागला नाहीं.

खुद्द एडिंबरो शहरांत तीन स्थळें आहेत आणि तीन निरनिराळे धडे आहेत. लीथ येथील मैदानावर १७४४ मध्यें रुप्याच्या काठीसाठीं सामना झाला आणि त्यासाठीं तेरा नियम लिहिले गेले. गोल्फचे उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने नियम होत. आज तें मैदान सार्वजनिक उद्यान आहे. तेथें खेळ उरला नाहीं, पण भूमि उरली आहे. ब्रंट्सफील्ड येथें शहराच्या वस्तींत, झाडांच्या छायेंत, आंखूड अंतराच्या छत्तीस खळग्या आहेत. आपली काठी व चेंडू घेऊन उन्हाळ्यांत कोणींही जावें आणि फुकट खेळावें. वस्ती वाढली, गर्दी झाली, चेंडू लागण्याचें भय उत्पन्न झालें, तेव्हां शहरानें खेळास हांकलून दिलें नाहीं. दक्षिणेकडील ब्रेड टेकड्यांची जमीन घेऊन १८८९ मध्यें तेथें नवें सार्वजनिक मैदान उघडलें. त्या टेकडीवरून किल्ला, शहर व पलीकडील फोर्थची खाडी असा सारा देखावा एका दृष्टींत मावतो. शहर वाढतें तेव्हां मैदानही वाढवावें लागतें, हें ज्या नगरपित्यांस सुचलें ते खरे दूरदर्शी.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीं तर आमचें लिहिणें भाटगिरीचें ठरेल. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर उन्हाळ्यांत एका फेरीस परगांवच्या पाहुण्यास आज तीनशें पौंडांहून अधिक द्यावे लागतात. सार्वजनिक म्हणजे फुकट, असा अर्थ तेथें राहिलेला नाहीं. साध्या घरच्या पाहुण्यास ही रक्कम म्हणजे कुंपणच होय, हें आम्ही कबूल करितों. मात्र तेथील रहिवाशांस वर्षाचा परवाना पुष्कळच कमी दरांत मिळतो, आणि पाहुण्यांच्या पैशांचा उपयोग मैदानांच्या निगराणीस होतो. शिवाय कोणी कितीही श्रीमंत असला तरी, अगोदर वेळ न राखलेल्या पुष्कळांस रोज निघणाऱ्या चिठ्ठ्यांत आपलें नांव घालून नशिबाची वाट पाहावी लागते. दुसरें संकट निसर्गाचें आहे. माँट्रोज येथील पुरातन मैदानाची वाळू समुद्र एकसारखी गिळीत आहे. टोल्याच्या कांहीं जागा मागें हटवाव्या लागल्या आहेत. जी भूमि राजाच्या बंदीपुढें आणि सशांपुढें हरली नाहीं, ती लाटांपुढें टिकेल कीं नाहीं, अशी चिंता तेथील लोकांस लागली आहे.

या सर्व वृत्तांतावरून आम्हांस असें दिसतें कीं, मैदान सर्वांचें राहण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, हक्काचा कागद. दुसरी, तो कागद पेटींत न ठेवतां प्रसंगीं त्यासाठीं भांडणारे व पदरमोड करणारे नागरिक. आणि तिसरी, वापरणाऱ्यांची चांगली वागणूक. टोला मारतांना उखडलेला गवताचा ढेकूळ ज्यानें त्यानें परत बसवावा, वाळूंतील आपलीं पावलें आपण सारखीं करावीं, हा तेथील रिवाज आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानें वाटसरूस गोल्फचें मैदान ओलांडून जाण्याचा हक्क दिला आहे, पण खळगीभोंवतालच्या हिरवळीवर पाय देण्याची त्यास मनाई आहे. हक्क आणि मर्यादा एकाच वाक्यांत सांगणारा असा कायदा आम्हांस फार आवडतो. सार्वजनिक म्हणजे कोणाचेंच नाहीं, ही आपल्याकडील चाल. सार्वजनिक म्हणजे माझेंही आहे, ही त्यांची.

कोणी म्हणेल, आमच्या पाण्याच्या तुटवड्याच्या प्रांतांत गोल्फचीं मैदानें करावयाचीं काय? मुळींच नव्हे. त्या किनाऱ्यावरील गवत तेथील पावसावर व वाळूवर वाढतें. तें येथें टँकरच्या पाण्यावर वाढविणें हें शहाणपण ठरणार नाहीं. आपण त्यांचें गवत उचलूं नये. त्यांचा निर्धार उचलावा. गायरान ही वस्तु आपणांस नवी नाहीं. आणि मैदानासाठीं झगडणेंही नवें नाहीं. सन १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत मुंबईच्या मैदानावर युरोपियनांच्या पोलोच्या घोड्यांनीं एतद्देशीयांच्या क्रिकेटची जमीन उखडून टाकली, तेव्हां पारशी व हिंदु खेळाडूंनीं सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. शापुरजी सोराबजी यांनीं १८९७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत त्या झगड्याची हकीकत आहे. ज्यांनीं ते अर्ज लिहिले त्यांस पुढील फळ दिसलें नाहीं. पण त्याच परिसरांतील आझाद मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्यें सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनीं हॅरिस ढालीच्या सामन्यांत नाबाद ६६४ धावांची भागी केली. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टींजवळ उभा असतो असें तें गजबजलेलें मैदान! सेंट अँड्र्यूजच्या जोडीच्या हिरवळींचें तें आपल्या घरचें भावंडच म्हटलें पाहिजे.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलासाठीं शाळा निवडतांना, घर घेतांना, नगरपालिकेसाठीं मत देतांना, जवळचें मैदान कोठें आहे व तें कोणाच्या नांवें आहे, हें एकदां विचारून पाहावें. ज्या जागेवर आपला मुलगा वा मुलगी रोज संध्याकाळीं खेळते, ती जागा नकाशावर कोणत्या कामासाठीं राखलेली आहे हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस पुढें कधीं त्या दूरच्या किनाऱ्यावर जाण्याचा योग आला, तर काठी हातीं धरा अथवा धरूं नका. रविवारीं सेंट अँड्र्यूजला जा आणि जुन्या मैदानावरून गांवकऱ्यांसमवेत चाला. तोंवर तुमच्या गांवचें मैदान तुमच्या हवालीं आहे. त्यावर कचरा टाकूं नका, खिळे व कांचा दिसल्या तर उचला, लहानांस व मुलींस खेळावयास जागा द्या, आणि एखाद्या सकाळीं तेथें कुंपणाचे खांब पुरलेले दिसले, तर ते कोणी व कोणाच्या परवानगीनें पुरले हें विचारावयास भिऊं नका.